उष्टी हळद आणि नवा रेडिएटर

लग्नाला चार दिवस उरले असताना पोपटरावांनी मोटारीचा रेडिएटर बदलायचं ठरवलं. लग्न त्यांचं नव्हतं (ते तीन वर्षांपूर्वीच उरकलं होतं, आणि त्याचे परिणाम त्यांची बायको मालन अजून भोगत होती). लग्न होतं मालनच्या धाकट्या भावाचं, बन्सीचं. नवरी खुटबावची.

मोटार साधीसुधी नव्हती. रेसची होती. पुण्याच्या कुणा हौशी माणसानं शर्यतीसाठी बनवून घेतलेली, लालभडक, दोनच दारांची, आणि इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं. पोपटरावांचं शिरूरला, मालनच्या माहेरच्याच गावी, पाण्याचे पंप दुरुस्त करायचं दुकान. दुष्काळात विहिरी आटल्या, पंप गंजत पडले, हात रिकामे राहिले. आणि पुढं दोन पावसाळे चांगले गेल्यावर त्या हातांनी ही मोटार घरी आणली. ती वाऱ्यासारखी पळायची. पण पाच मैलच. मग नाकातून वाफ सोडून रस्त्यात उभी राहायची.

"पाव्हण्यांची मोटार लई गुणी," मालनचे आबा, म्हणजे वडील, मारुतराव चारचौघांत म्हणायचे. "एकदा बसली की उठायचं नाव न्हाई."

माहेरच्या बायका पदर तोंडाला लावायच्या आणि मालनचा जीव तीळतीळ तुटायचा. एकदा, फक्त एकदा, आबांनी जावयाचं नाव चांगल्या कामासाठी घ्यावं, एवढंच तिचं देवाकडं मागणं होतं. म्हणून परवा ती पटकन बोलून बसली,

"आबा, उष्टी हळद आम्ही मोटारीतनं नेतो. एका तासात खुटबावला."

नवऱ्या मुलाला लावून उरलेली हळद, ती उष्टी हळद. ती पोचल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नाही. आबांनी मुलीकडं पाहिलं, मग जावयाकडं, मग गोठ्यातल्या बैलांकडं. "बरं," म्हणाले. एवढंच.

पोपटराव तडक पुण्याला गेले आणि एका पत्रेवाल्याकडून नवा रेडिएटर घडवून आले. मूळचा होता पुस्तकाएवढा. हा होता खिडकीएवढा.

"आवं, मापाचा न्हाई मिळाला व्हय?"

"मापाचा घेऊन काय करू? जितकं पाणी जास्त तितकं इंजिन गार. रांजणातलं पाणी तांब्यातल्यापेक्षा गार असतंय का न्हाई?"

मालन सातवी पास होती. सातवीपर्यंत तरी ह्याच्या विरुद्ध काही शिकवलं नव्हतं.

रेडिएटर जागेवर ठेवला तर मागचा पंखा त्याला खेटू लागला. पुढं सरकवला तर खाली टेकायला आधार नाही. पोपटरावांनी घरात नजर फिरवली. दुसऱ्या दिवशी मालन चपात्या लाटायला बसली तर लाटणं होतं, पण पोळपाट गायब. त्याचे दोन तुकडे रेडिएटरखाली बसले होते. रबरी पाइप तोकडा पडला, त्याला पंपाच्या पाइपचं ठिगळ लागलं. शेवटी बॉनेट मिटेना, तर पाळण्याची दोरी सोडून ते आवळून बांधलं. दहा महिन्यांचा विलास त्या दिवसापासून लुगड्याच्या झोळीत झोपू लागला.

"सुटणार न्हाई ना दोरी?" मालननं तिसऱ्यांदा विचारलं.

"दहा महिनं तुझं पोर पेललंय तिनं. रेडिएटर त्यापेक्षा गप बसतंय."

हळदीच्या दिवशी सकाळी पाच सवाष्णींनी बन्सीला हळद लावली. उरलेली पितळेच्या वाटीत काढून, वर खण झाकून मालनच्या हाती दिली. मालननं बरोबर घेतलं ते असं: एक वाटी हळद, एक मूल, चार दुपटी, ग्राइप वॉटर, वेखंड, काजळाची डबी, आणि न मावणारी काळजी. मोटार सुटली. आबा दारात उभे होते. मालननं मुद्दाम मान वळवून पाहिलं, ते बघतायत का. बघत होते.

न्हावऱ्यापर्यंत मोटार खरंच वाऱ्यासारखी गेली. पोपटराव शीळ घालू लागले. मालनला वाटलं, आपण उगीच भितो. आणि एवढ्यात रस्त्यात एक खड्डा आला.

खर्रर्रर्र!

"काय झालं वं?"

"कुठं काय!"

"आवं, धूर!"

"धूर न्हाई, वाफ हाय," पोपटराव म्हणाले, जणू त्यानं फरक पडत होता.

पोळपाटाचा एक तुकडा निसटला होता आणि पंख्यानं नव्याकोऱ्या रेडिएटरला ओरखडे काढले होते. बारीक बारीक चार-पाच जागांतून पाणी गळत होतं. आसपास घर नाही, झाड नाही. पोपटरावांनी लाकूड ठोकून परत बसवलं, ओढ्यातनं डबाभर पाणी आणलं, आणि मग बायकोच्या मांडीकडं बघत राहिले.

"काय बघताय?"

"ट्रकवाले काय करत्यात ठाऊक हाय? रेडिएटर गळाया लागला की त्यात हळद टाकत्यात. भोकं बुजत्यात."

मालननं वाटी छातीशी धरली. "नवरीची हाय ही!"

"चिमूटभर गं. नवरीला तर बोटभरच लावायची. बाकी समदी वायाच जाणार ना?"

"न्हाई म्हंजी न्हाई!"

"मग बस हितंच. मामा संध्याकाळी बैलगाडी घेऊन येत्यालच आपल्याला हुडकत."

ह्या एका वाक्यानं मालन हरली. आबा बैलगाडीत उभे राहून ही मोटार बघतायत, असं तिच्या डोळ्यांपुढं आलं. तिनं चमचाभर हळद दिली. गळती थांबेना. अजून चमचाभर. असं करत करत वाटीच्या तळाला बोटभर हळद राहिली आणि गळती थांबली.

"बघ!" पोपटराव म्हणाले. "इंजिनीअर लोकांना हे सुचत न्हाई."

मोटार पुन्हा पळू लागली. उरलेली हळद झाकून मालननं वाटी शेजारी ठेवली आणि डोळे मिटून देवाचे आभार मानले. फार नाही, भीमेचा पूल ओलांडेपर्यंत. डोळे उघडले तेव्हा विलास वाटी पुढ्यात घेऊन बसला होता. गाल, पोट, मांड्या, सगळा पिवळाधमक. वाटी चाटूनपुसून स्वच्छ.

"आता गं बया!"

पोपटरावांनी वळून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "चौफुल्याला किराणा दुकान हाय. पुडी घेऊ, तेलात कालवू. हळद ती हळद. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना! माझ्या भावाचा संसार दुकानातल्या पुडीवर उभा करू? उद्या त्येंची भांडणं झाली तर मला झोप लागंल व्हय?"

"आपल्या टायमाला खरी हळद व्हती. भांडणं थांबली का?"

चौफुला आला, दुकान आलं, मागं पडलं. मालननं तिकडं बघितलंसुद्धा नाही. खुटबाव जवळ येत होतं आणि मांडीवर रिकामी वाटी होती.

मांडवात नवरी सकाळपासून उपाशीपोटी पाटावर बसली होती. मोटार दिसताच बायका धावल्या. पोपटरावांनी ऐटीत हॉर्न वाजवला, करकचून ब्रेक मारला, आणि रेडिएटरचं झाकण फाटकन उडालं. बॉनेटच्या फटीतून पिवळंजर्द कारंजं हातभर वर गेलं आणि मोटारीच्या लाल नाकावर कोसळलं.

बायका क्षणभर थबकल्या.

"अगं बाई!" कुशाबाई, नवरीची आत्या, म्हणाली. "शिरूरकरांची मोटार हळद उडवती! काय ती हौस!"

"आमच्या लग्नात नुसता बँड व्हता," दुसरीनं उसासा टाकला.

पण नवरीची आजी, भागुबाई, कारंज्याला भुलणारी नव्हती. तिनं हात पुढं केला. "वाटी आण, पोरी."

मालननं वाटी दिली. भागुबाईनं तिच्यात डोकावून पाहिलं, ती उलटी करून पाहिली, मग विलासकडं पाहिलं.

"आज्जी," मालनला रडू फुटलं, "चुकले मी. दुकानातली आणली असती तर तुम्हाला कळलं नसतं. पण खोटी हळद आणवली न्हाई. बन्सीची समदी हळद त्या मोटारीच्या पोटात हाय, आन् राहिलेली ह्या पोराच्या."

पोपटराव आपल्या चपलांकडं बघू लागले. मालनला दिसत होतं, उद्या ही गोष्ट शिरूरला पोचणार, आणि आबा ती जन्मभर सांगणार.

भागुबाईनं मोटारीभोवती एक फेरी मारली.

"मोटारीत पाणी चांगलं हाय का वंगाळ?"

पोपटराव एकदम ताठ झाले. "आज्जी, नवा कोरा रेडिएटर हाय! आत गंज नावाला न्हाई!"

"मग बघता काय? काढा की!"

पोपटराव मोटारीखाली आडवे झाले. तळाची तोटी सोडली. कढत पिवळं पाणी घंगाळात पडलं. भागुबाईनं ते निवेपर्यंत थांबून त्यात घरची हळद कालवली. "पोरानं उष्टी हळद चाटली हे खरं, पण पोरगी खोटं बोलली न्हाई," एवढं बोलून तिनं पहिलं बोट नवरीच्या गालाला लावलं. नवरीनं नाक मुरडलं. हळदीला जरा रबराचा वास येत होता. पण वेळ चुकली नाही.

परतीला हळद नव्हती. मोटार चार जागी थांबली, चार ओढ्यांचं पाणी प्याली. शिरूरला पोचेपर्यंत दिवस कलला होता. आबा दारातच होते, आणि त्यांच्याभोवती अख्खी भावकी. मालननं विलासला घट्ट धरलं आणि मान खाली घातली.

"खुटबावचा माणूस यष्टीनं येऊन गेला," आबा म्हणाले. "हळद टायमात पोचली म्हणाला. मोटारीनं हळदीचं कारंजं उडवलं म्हणाला. असं जावयानं कुठं केलं न्हाई म्हणत व्हता."

मालननं मान वर केली. आबांचा हात चक्क पोपटरावांच्या खांद्यावर होता.

"जावईबापू, चुकलो आम्ही. लई बोललो. आता उद्या नवरानवरीची वरात तुमच्याच मोटारीतनं. आन् कारंजं पाहिजेच!"

"त्यात काय, मामा!" पोपटराव म्हणाले. छाती दोन बोटं फुगली होती.

तीन वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली, ते मालनच्या कानावर पडलं होतं. ती तशीच आत गेली, चुलीपाशी आईजवळ बसली आणि हळूच म्हणाली,

"आई, घरात हळद किती हाय? समदीच बांधून दे."