मेथी का आडसाली?

हॉस्टेलात कुणाचं जमलं की स्नेहल सगळ्यात आधी पीक विचारायची. "मेथी का आडसाली?"

ही माझी रूममेट. कराडकडची, घरी ऊस. आम्ही दोघी सांगलीत एम.एस्सी.ला. तिच्या भाषेत, महिन्याभरात उपटून मोकळं व्हायचं ते प्रेम म्हणजे मेथी. आडसाली ऊस कसा दीड वर्ष रानात उभा राहतो, तसं लग्नापर्यंत टिकणारं ते आडसाली. आणि सोडलेल्या पोराकडं कुणी परत गेली की ही कपाळाला हात लावायची, "तोडल्या उसाचा खोडवा धरला बाईनं!" वॉर्डनबाईंना वाटायचं, पोरी शेतीवर बोलतात. बिचाऱ्या खूश असायच्या.

स्वतः मात्र फक्त मेथीवाली. विट्याचा विराज आणि ती अधनंमधनं त्याच्या मित्राच्या रिकाम्या खोलीवर जायचे. मी डोळे वटारले तर म्हणाली, "अंगाला भूक आसती गं, त्यात लाजायचं काय? मेडिकलात त्यानं जायचं आणि लग्नाचं नाव काढायचं न्हाई, एवढ्या दोनच अटी."

विराजच्या चुलत्याचं कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान. परीक्षा झाली की तो तिकडं जाणार, हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. "जाऊ दे की. मेथीच हाय."

आणि एक दिवस बघते तर काय, बाई कानात हेडफोन घालून कपडे धुता धुता तमिळ पुटपुटतेय!

"मेथीला एवढं खतपाणी?" मी विचारलं.

तिनं माझ्या अंगावर साबणाचा फेस उडवला.

तो निघाला त्या दिवशी आम्ही दोघी मिरज स्टेशनवर गेलो होतो. खिडकीतनं तो म्हणाला, "तू लय भारी हाईस गं. दुसरी असती तर रडली असती." स्नेहल खळखळून हसली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिली.

मग तिथल्याच बाकावर बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. मी नुसती पाठीवरनं हात फिरवत बसले. लय वाईट वाटलं मला.

"त्यानं मेथी लावली हुती गं," ती म्हणाली. "मी आडसाली."

"अगं भवाने, मग सांगायचं की त्याला!"

तिनं ओढणीनं नाक पुसलं. "'मला बी ने' एवढं तमिळमधनं पाठ केलं हुतं. मराठीतनं काय तोंडच उघडंना."