सुसरबाईंचं घरगुती मंजन

एका जंगलात, बाळांनो, एक डोह होता आणि डोहात एक सुसर होती. काठावरून जाणारे सगळे "सुसरबाई, तुझी पाठ मऊ" म्हणायचे आणि लांबूनच सटकायचे. तिच्या दातांविषयी बोलायची कुणाची छाती नव्हती.

अपवाद एकच, ठकू टिटवी. सुसरबाईंनी जेवून जबडा उघडला की ठकू आत शिरायची आणि दातांत अडकलेलं वेचून खायची. सुसरबाईंचे दात साफ, ठकूची न्याहारी फुकट. पिढ्यानपिढ्या हा शेजारधर्म चालला होता.

मग माकडाने वडाखाली टूथपेस्टचं दुकान काढलं. फेसाळ, गारेगार, पुदिन्याच्या वासाची पेस्ट.

"एक ट्यूब आणून बघावी म्हणते," सुसरबाई म्हणाल्या.

ठकूने मनातल्या मनात हिशोब केला. पेस्ट आली की न्याहारी गेली. काडी-सालीने मात्र दात कुठले एवढे साफ व्हायला!

"अगं बाई, ते विष कशाला?" ती म्हणाली. "आपल्या पूर्वजांनी कधी ट्यूब पिळली होती का? कडुनिंबाची काडी चावा. बाभळीची साल उकळा, मीठ आणि दोन लवंगा टाका, खाल्लं की गुळण्या करा. सगळं घरचं, सगळं नैसर्गिक."

पोटावर पाय आला, बाळांनो, की पूर्वज हमखास आठवतात.

ठकूला मग भाषणांची चटकच लागली. आज राखुंडी, उद्या त्रिफळा. सगळं जंगल काड्या चघळत हिंडू लागलं. माकडाने दुकान गुंडाळलं. ठकू हरखून गेली.

सुसरबाईंनी तर फारच मनावर घेतलं.

एके सकाळी ठकू नेहमीसारखी जबड्यात शिरली. आत लवंगेचा घमघमाट, दात लखलखीत. तिने कोपरा न कोपरा धुंडाळला. शितभरही काही सापडेना.

"सुसरबाई, इथं खायला काहीच नाही हो," ती रडवेली होऊन म्हणाली.

"तुझीच कृपा गं," सुसरबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं तू तोंडात यायचीस आणि मी मन मारायची. वाटायचं, हिला खाल्लं तर दात कोण साफ करणार? आता तीही काळजी मिटली."

"अहो, पण मी तुमची शेजारीण."

"म्हणून तर चावत नाही. अख्खी गिळते."

जबडा मिटला. मग सुसरबाईंनी काठावर येऊन शिस्तीत दोन गुळण्या केल्या. खाल्ल्यावर गुळण्या कराव्यात, असं ठकूनेच शिकवलं होतं.

तात्पर्य: दात रोज घासावेत, घरगुती मंजनाने घासले तर फारच उत्तम. मात्र ज्याच्या दातांतल्या घाणीवर आपलं पोट चालतं, त्याला हे सांगायला जाऊ नये.