आप्पांच्या खिडकीतलं खोबरेल

मी एकदा शेजाऱ्यांची खोबरेल तेलाची बाटली चोरून आमच्या फ्रीजरमध्ये ठेवली होती. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. आता सत्तरी ओलांडल्यावर त्या अल्लड बाईची मला लाज वाटते. पण तेव्हा मी तरुण होते, आणि माझ्याइतकी हुशार बाई अख्ख्या सोलापुरात नाही अशी माझी समजूत होती.

बाटली आप्पांची. आप्पा आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. उभा जन्म चादरींच्या कारखान्यात माग चालवला, आता निवृत्त. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, लेक पुण्याला. त्यांच्या खिडकीत बारा महिने एक काचेची बाटली उभी असते, तिच्यात खोबरेल. हिवाळा कधी लागला हे पंचांगाने सांगायचं नाही, टीव्हीने तर नाहीच नाही. ते या बाटलीने सांगायचं. तेल गोठलं की थंडी. त्याच्या आदल्या दिवशी दात कडकडा वाजत असले तरी आप्पा गंजिफ्रॉकवर.

"आप्पा, अंगावर घ्या की काहीतरी."

"आजून न्हाय, वैनी. तेल पातळ हाय."

आणि एकदा का ते गोठलं, की डोक्यावर माकडटोपी चढायची ती थेट शिमग्यापर्यंत. भर दुपारी रस्त्याने घाम पुसत चालतील, पण टोपी काढणार नाहीत. "येकदा गोठलं की गोठलं!" टीव्हीवर हवामान सांगणारी मुलगी दिसली की तिच्याशी भांडण. "ती बगा, समदा देश दाखवती. दिल्लीला धुकं, मद्रासला पाऊस. सोलापूर कुटं हाय त्ये ठावं तरी हाय का तिला?"

दर वर्षी टोपी घालायच्या आधी मात्र एक फोन व्हायचा. केमला. तिथे गावी त्यांचा धाकटा भाऊ, बापू. दोघांचं बोलणं कैक वर्षं बंद. आप्पा म्हणायचे, पुतणीच्या लग्नात मला पंगतीला बोलावलं नाही. बापूंचं म्हणणं मला पुढे कळलं: बोलावलं होतं, हाच रुसून जेवला नाही. बोलणं बंद झालं, पण एक गोष्ट राहिली. लहानपणी गोठलेली बाटली ज्याला आधी दिसेल त्याच्या डोक्याला आई पहिलं तेल लावायची. ती शर्यत दोघांनी सोडली नव्हती. ज्याच्या घरी तेल आधी गोठेल त्याने दुसऱ्याला कळवायचं.

"आमच्यात गोठलं."

"बरं."

संपला फोन. मी भिंतीपलीकडून ऐकायची आणि सुनेला नक्कल करून दाखवायची. दोन म्हातारे तेलावरून जिंकतात-हरतात, एवढंच माझ्या हुशार डोक्यात शिरलं होतं.

त्या वर्षी डिसेंबर आला आणि थंडी यायची विसरली. आभाळ भरलेलं, पहाटेसुद्धा पंखा चालू. उत्तरेत धुक्याने गाड्या खोळंबलेल्या, दक्षिणेत पाऊस, आणि मधोमध आम्ही घामाघूम. हुरड्याला गोडी नाही. चादरवाले दुकानात माशा मारत बसलेले. माझी गोधडी ट्रंकेतून बाहेरच आली नाही.

आप्पा दिवसातून दहादा बाटली तिरकी करून बघायचे. तेल आपलं पाण्यासारखं इकडून तिकडे. मग ते मोबाइल बाटलीशेजारी ठेवून बसायला लागले. न जाणो, केमला आधी गोठलं तर! फोन वाजायचा, आप्पा झडप घालायचे, आणि रिचार्ज संपत आल्याची बातमी ऐकून परत ठेवायचे. टीव्हीवरच्या मुलीशी भांडणंही बंद झाली. वर्ष फोनाविना तसंच कोरडं जाणार असं दिसत होतं.

मला काय दिसलं? मला दिसली माकडटोपी. एवढ्या उकाड्यात ती घालून बसलेले आप्पा डोळ्यांपुढे आले आणि मी एकटीच स्वयंपाकघरात हसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आप्पा फिरायला गेले, तशी मी खिडकीतून बाटली उचलली आणि आमच्या फ्रीजरमध्ये, मटारांच्या पिशवीशेजारी कोंबली. ते दूध घेऊन यायच्या आत पांढरंशुभ्र गोठलेलं तेल पुन्हा खिडकीत. ओला झालेला हात पदराला पुसला आणि तुळशीला पाणी घालत उभी राहिले, साधीभोळी.

आप्पा आले. बाटलीपाशी थांबले. काचेवरून बोट फिरवलं. मग फोन लावला.

"बापू, आमच्यात गोठलं."

पलीकडचा आवाज मला भिंतीतूनही ऐकू आला. "काय गोठलं? आरं, हितं म्या उघडा बसलोय!"

"गोठलं म्हनलं न्हवं?" आणि फोन बंद.

त्या दिवशी आप्पा पंख्याखाली माकडटोपी घालून बसले. सगळी गल्ली येऊन बघून गेली. मी तर तीनदा गेले, साखर मागायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या दाराशी एक म्हातारा उभा. नाक आप्पांचंच. काखेत घोंगडं, हातात पिशवी.

"वैनी, म्या बापू. केमचा. आदी तुमास्नी इचारतो. दादाचं डोस्कं ठिकाणावर हाय न्हवं?" "असल्या उकाड्यात तेल गोठलं म्हनला. रातभर डोळ्याला डोळा न्हाय. येकटा मानूस, काय झालं म्हंजी कुनाला कळायचं?"

खरं सांगायची हीच वेळ होती. पण मी नुसतं शेजारच्या दाराकडे बोट दाखवलं आणि मागोमाग गेले.

आत आप्पा. टोपी, स्वेटर, वर पंखा भरधाव.

"दादा, टोपी काड."

"थंडी हाय."

"कुटं हाय?"

"बस की. लागंल."

बापू बसले.

ते एका दिवसासाठी आले होते. दुसऱ्या दिवशी गेले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. भिंतीपलीकडे भांडणं सुरू झाली: पंगतीची, चहातल्या साखरेची, पंख्याच्या वेगाची. टीव्हीवरच्या मुलीशी आता दोघं मिळून भांडायचे. बापू दिसले की मी दार लावून घेत होते. पण चोरी पोटात घेऊन झोप कुठली लागायला!

जानेवारीत संक्रांत झाली आणि एका सकाळी खरोखरची थंडी आली. मी शाल गुंडाळून अंगणात आले तर शेजारी उन्हाच्या तिरिपीत बाटली ठेवलेली. तेल बाजूने जरा वितळलेलं. बापू पायरीवर मान खाली घालून बसलेले, आणि मागे आप्पा त्यांच्या पांढऱ्या डोक्याला तेल चोळत होते.

"आदी म्या बगितली व्हती बाटली," बापू म्हणाले.

"म्या बगितली व्हती. पर जाऊ दे, तू धाकला. हलू नगं."

मी पाय न वाजवता आत आले.

बापू केमला परत गेले, जाताना मला केमच्या नावाजलेल्या कुंकवाची पुडी देऊन. "दादाकडं ध्यान ठिवा, वैनी. तुमी हाय म्हून बरं." ती पुडी हातात घेतली आणि मला राहवेना. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन शेजारी गेले. ताट खाली ठेवायच्या आतच सगळं ओकले: फ्रीजर, मटार, तीनदा मागितलेली साखर.

आप्पांनी ऐकून घेतलं. टोपी जरा कानावर ओढली. भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला आणि खिडकीकडे बघत म्हणाले:

"ठावं हाय की, वैनी. थंडीनं गोठल्याल्या बाटलीला घाम सुटत न्हाय. पर मला फोन लावाया कायतरी पायजे व्हतं. फुडल्या साली थंडी न्हाय पडली, तर मटाराशेजारी जरा जागा ठिवा."