पडला की धाडला

नवा राजदूत नेमल्याची बातमी पेपरात आली की आमचे शेजारी भाऊ सुर्वे चहा गार होऊ देत. तो गृहस्थ कुठल्या निवडणुकीत पडला होता, हे आठवेपर्यंत कप तोंडाला लावायचा नाही, असा त्यांचा नेमच होता. आठवलं की मांडीवर थाप मारून म्हणत, "पडला की धाडला."

निवडणुकीत पडला आणि परदेशी धाडला, इतकं सोपं त्यांचं परराष्ट्र धोरण. बाकी भाऊ मूळचे रत्नागिरीकडचे, मिठागराच्या कचेरीत कारकून. बोट पाहिली ती फक्त खाडीतली. पण कुठल्या देशात कोणाचा साडू वशिल्याने चिकटलाय, कोणी सरकारी खर्चाने गालिचे आणले, हे सगळं तोंडपाठ. मी सत्ताधारी पक्षाला मत देतो हे कळल्यापासून तर सकाळ झाली की भिंतीपलीकडून विचारत, "काय हो, तुमच्या लोकांनी आज कोणाला धाडलं?" एखादा बिचारा खरोखर विद्वान निघाला तरी भाऊ हटत नसत. "मग त्याने मागे काहीतरी मोठंच खाल्लेलं असणार," म्हणत.

एकदा मासे विकायला येणाऱ्या उत्तनच्या मेरीबायने पाटी उतरवता उतरवता विचारलं, "भाऊ, ह्यो हाय कमिशनर म्हंजे काय?" भाऊ घसा साफ करतात न करतात तोच तिने स्वतःच निकाल दिला, "कमिशन हाय, म्हून जातात." भाऊ कितीतरी दिवस हे वाक्य आमच्या केबिन रोडवर वाटत फिरले, आणि तेही स्वतःचं म्हणून.

याच मेरीबायने पुढे दुसरी बातमी आणली. भाऊंच्या एकुलत्या एक लेकीने, कुसुमने, उत्तनच्या पास्कलशी, म्हणजे ख्रिस्ती मुलाशी, रजिस्टर लग्न केलं होतं. तेव्हापासून भाऊंनी घरात तिचं नाव काढू दिलं नव्हतं. मेरीबाय पाटी उचलताना हळूच म्हणाली, "पोरीला दिवस गेलेत."

पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही भाऊंनाही नाकारता येईना. पण न्यायला माणूस आल्याशिवाय लेक येणार कशी? आणि जायचं कोणी? सुर्वेवहिनींनी परस्पर आपल्या भावाला पाठवलं. तो संध्याकाळी सुक्या बोंबलांची जुडी घेऊन परतला आणि म्हणाला, "भाऊजी, जावई लाख माणूस आहे हो." झालं, संपलंच. भाऊंनी बोंबलांकडे बोट दाखवलं. "दूत फुटला. आणि नेमणूक कोणी केली, तर सख्ख्या बहिणीने." वहिनी आत जाऊन भांडी आपटायला लागल्या. मला भाऊंचा अस्सा राग आला म्हणता. जगातल्या सगळ्या वकिलातींची उणीदुणी काढून झाली, आणि इथे पोटची पोरगी वाट बघतेय.

दुसऱ्या दिवशी भाऊच माझ्या दारात. "तुम्ही जाऊन या."

"मी? अहो, मी तर सत्ताधारी."

"म्हणूनच. आपल्या पक्षाचा माणूस धाडला की तो मला बरं वाटेल तेवढंच सांगतो. तुम्ही कधी माझं ऐकलंय?"

गेलो. कुसुमने बसायला पाट दिला, चहा दिला आणि म्हणाली, "काका, बाबांना सांगा, माणसं पाठवू नका. ते स्वतः आले तर आहे तशी उठून येते. नाहीतर बाळंतपण इथेच." बोलताना तिचे डोळे भरले होते, पण आवाज बापाचाच.

मी परत येऊन शब्दन् शब्द सांगितला. आता मलाही फुटलेला ठरवणार, म्हणून मी भांडायच्या तयारीतच होतो. पण भाऊ नुसते पेपराची घडी घालत बसले. मग म्हणाले, "नेमलेल्या माणसाला परतवून लावलं तर दुसरा नेमता येतो हो. बापालाच दारातून परतवून लावलं, तर पुढे कोणाला धाडू?"

एवढे दिवस हा माणूस भीत होता, आणि आम्ही त्याला हट्टी म्हणत होतो. मी म्हटलं, "चला, मी येतो बरोबर."

रविवारी उत्तनच्या बसमध्ये बसलो. भाऊंनी लग्नाकार्यातला कोट घातला होता. वाटेत राजकारणावर एक अक्षर नाही. मीच दोनतीनदा काडी टाकून पाहिली, पण ते बाहेर बघत राहिले.

दारात पास्कल उभा होता. त्याला पाहायची भाऊंची ही पहिलीच वेळ. सासरे चिडून आले असावेत, या समजुतीने तो जरा मागे सरकला. भाऊंनी चपला काढल्या, दोन्ही हात जोडले आणि मुलीच्या सासरी व्याह्यांपुढे बोलतात तसं अदबीने म्हणाले, "मी कुसुमचा बाप. लेकीला पहिल्या बाळंतपणाला न्यायला आलोय. पाठवाल ना?"

पास्कल गांगरला. "न्हाय कसा म्हणू, बाबा?"

भाऊंनी मान हलवली, पण जोडलेले हात काही सुटेनात. शेवटी कुसुमने बाहेर येऊन ते आपल्या हातांनी सोडवले.