गळतीमुक्त

जगात गळत नाही अशी वस्तू नाही. फरक एवढाच, की काही गळत्या सापडलेल्या असतात आणि काही सुखात असतात.

हे तत्त्व निवृत्त तपासनीसांना नोकरीतच उमगलं होतं. म्हणून गाडीखाली तेलाचा काळा डाग दिसला तेव्हा ते घाबरले नाहीत. बायको घाबरली. रविवारी लेकीला आणि नातवाला इस्पितळातून घरी आणायचं होतं.

"रस्त्यात बंद पडली तर ओल्या बाळंतिणीला धक्का मारायला लावणार आहात का?"

"तपासणीआधी मी मत देत नसतो."

मेकॅनिकने फोनवर सांगितलं, "काका, इंजिन धुवा, गाडी जरा फिरवा, मग बघा कुठून ओलं होतंय ते." तपासनीसांनी उपाय तत्त्वतः मान्य केला. फक्त मधलं कलम वगळलं. धुतलेलं इंजिन चालवायचं म्हणजे केल्या कामावर बोळा फिरवणं.

त्यांनी रॉकेल आणि बायकोचा जुना टूथब्रश घेऊन (तो जुना असल्याचं नंतर ठरलं) इंजिन लख्ख केलं आणि पुसल्या पुसल्या पाहणी केली. वरच्या झाकणाचं पॅकिंग, कोरडं. ऑइल सील, कोरडं. तळाच्या चेंबरचा बोल्ट, कोरडा.

"बाबा, पट्टी काढून आत तेल किती उरलंय ते बघू या का?" जावयाने (मत कोणी विचारलेलं नसताना) विचारलं.

"पट्टीवरून थेंब पडला, तर तो कोणाच्या नावावर टाकायचा?"

डाग रोज पडतच राहिला. त्यांनी गाडी ढकलून शेजाऱ्याच्या हद्दीत नेली. ऐंशी टक्के गळती तिकडे वर्ग झाली. उरलेल्या वीस टक्क्यांवर पुठ्ठा टाकला. आणि शनिवारी गळती थांबली! खाली हात फिरवला, हात कोरडा. शेजाऱ्याने तर त्यांचा हातच हातात घेतला.

रविवारी गाडी अर्ध्या वाटेपर्यंत गेली. (तेलाचा लाल दिवा लागला होता. दिवा चालू असल्याची त्यावरून खात्री पटली.) मग इंजिन खणखणलं, दोन हिसके दिले आणि जाम झालं.

मेकॅनिक येऊन गाडीखाली शिरला. "काका, आत थेंब नाही!"

"आणि बाहेर?"

"बाहेर कुठून येणार?"

"ऐकलंस?" तपासनीस विजयी मुद्रेने बायकोकडे वळले. ती एव्हाना टॅक्सीत बसली होती. बाळबाळंतीण त्याच टॅक्सीतून घरी आली. वाटेत जे काही गळलं ते बाळाचं होतं.

गाडी आता विक्रीला आहे. 'एकहाती वापर, इंजिन चकाचक, गळती शून्य.' यातला शब्दन् शब्द खरा आहे. फोन सारखे वाजताहेत. रंग विचारून झाला, सीटकव्हर विचारून झालं, भाव पाडूनही झाला. चालू होते का, हे मात्र तुमच्यासकट एकानेही विचारलेलं नाही.