नानाजींची चाल

मोठ्यानं चाल दिली की लहान्यानं पानं टाकून डाव सोडायचा.

हा वच्छलाच्या घरचा नियम. काहून, हे विचारायचं नाही. सातव्या वर्षी वच्छलानं विचारलं होतं, तेव्हा आजीनं तिच्या ताटातली पुरणपोळी उचलून नेली होती. (पोळी संध्याकाळी परत मिळाली. उत्तर बी.एस्सी. झाल्यावरही मिळालं नाही.)

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, बैल बसून राहत आणि घरातले बापे ओट्यावर तीन पत्ती खेळत. पैसे लावणं आजोबांना, म्हणजे नानाजींना, पाप वाटे. म्हणून प्रत्येकाला पन्नास चिंचोके. डाव सुरू होण्याआधी सगळ्यांनी मधे टाकायचा तो बूट. गजराचं घड्याळ वाजलं की बूट दुप्पट. चिंचोके संपले की उठायचं. शेवटी उरेल त्याला पहिलं बक्षीस, त्याच्या आधी उठेल त्याला दुसरं. अकरा वर्षं नानाजीच उरत आले होते, आणि ते का, हे वरच्या नियमात आलंच आहे.

यंदा दुसरं बक्षीस हातातली बॅटरी होती आणि पहिलं सायकल. नानाजींनी ती पाच वर्षांपूर्वी घेतली, लगेच त्यांचे गुडघे बसले, आणि तेव्हापासून गोठ्यात तिच्या कॅरियरवर कोंबड्या बसत होत्या. इकडे वच्छलाला शिरपूरच्या शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली होती. शिरपूर नऊ किलोमीटर. एस.टी. पोचायची प्रार्थना आटोपल्यावर. हेडमास्तरांनी सांगून टाकलं होतं, सोमवारपासून एकदा जरी उशीर झाला तरी जागा दुसऱ्याला.

"नानाजी, सायकल मले द्या," ती म्हणाली.

"घे ना. डावात बस अन् जिंकून घे," नानाजी म्हणाले, आणि सगळा ओटा खो खो हसला.

त्या हसण्यानं वच्छलाच्या मस्तकात जाळ झाला. ती पदर खोचून बसलीच.

पहिले उठले पुंजाजीमामा. त्यांना भाजलेले चिंचोके चघळायची सवय, आणि आजीनं ह्या वर्षी चिंचोके भाजूनच ठेवले होते. बोलता बोलता मामांनी स्वतःचे एकोणीस खाल्ले, उरलेले एका डावात गेले. मग बाबा. त्यांच्याकडं राजांची जोडी होती; नानाजींनी चाल दिली, बाबांनी पानं टाकली. असं चारदा झालं आणि बाबा मुकाट्यानं गोठ्यात गेले.

उरले तिघं. नानाजींपुढं डोंगर, शालिग्रामकाकांपुढं ढिगारा, वच्छलापुढं वीस. बूट चारवर गेला होता.

पाच डाव नुसतं बसलं तरी मी संपले, वच्छलानं हिशेब केला. चांगल्या पानांची वाट पाहायला आता सवड नाही. ढीग आहे तोवरच तो कोणाला भ्या दाखवेल. आणि भ्यायला काका तयारच होते. त्यांना सायकल नको होती, त्यांचा जीव बॅटरीत होता. वच्छला आधी उठली की बॅटरी त्यांची! म्हणून ते एकही डाव खेळेनात.

तेवढ्यात पुरणपोळीनं आपलं काम केलं. नानाजी भिंतीला टेकून घोरू लागले. त्यांचा बूट आजी टाकत राहिली आणि पानं परत करत राहिली.

"वीस. सगळे," वच्छला म्हणाली. काकांनी पानं टाकली.

"अठ्ठावीस. सगळे." टाकली.

"अवं, काय आलं काय तुले असं?" काका घाम पुसत म्हणाले.

"पाहाचं असन तं या."

"कायले येऊ? तू एखाद डावात मरशीनच!"

ती मेली नाही. घड्याळ वाजलं, बूट आठ झाला, आणि न खेळता, न हरता, नुसते बूट टाकून टाकून शालिग्रामकाका संपले. बॅटरी वच्छलाच्या नावावर पक्की झाली. काका घड्याळाला शिव्या देत राहिले.

त्या गोंधळात नानाजी जागे झाले. त्यांचा डोंगर झोपेतच अर्धा वितळला होता.

"चाल," ते म्हणाले.

आणि वच्छलाच्या हातानं पानं टाकली! तिला न विचारता! पुन्हा चाल, पुन्हा हात तसाच. (एवढं कॉलेज शिकून हाताला काही कळालं नव्हतं.) चौथ्या वेळी तिला स्वतःचाच एवढा संताप आला की तिनं उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला.

पाचव्या डावात तिला तिर्रीची जोडी आली. नानाजींनी सगळा ढीग पुढं लोटला. वच्छलाचा ढीग दोन बोटं मोठा होता.

"टाक वं पोरी, मोठ्याची चाल आहे," आजी म्हणाली.

अकरा वर्षं ह्या माणसाची पानं कोणी पाहिली नाहीत, वच्छलाला वाटलं. दर वेळी एक्केच येतात की काय? आंधळेपणानं वाटलेल्या चार हातांत तीन तरी बिनजोडीचे निघतात.

"शो," ती म्हणाली.

नानाजींनी पानं तशीच तिच्यापुढं धरली. "सांग बरं, काय आलं मले?"

"सत्ती, पंजी, राजा. काहीच नाई. तुमी पाह्यलं नाई?"

"डोळ्यात पडदा आला, चार सालं झाली. दिसते कोणाले? अन् पाहाची पाळीच कोणी आणली?"

"म्या तं दोन सालाखाली तुमच्यासमोर तीन एक्के टाकले!" काका ओरडले.

"बरं केलं," नानाजी म्हणाले. त्यांनी करदोड्याला बांधलेली सायकलची किल्ली सोडली आणि मुठीत धरली. "जिंकली तू, खुशी झाली. पण सायकल शालिग्राम चालवीन. पोरीच्या जातीनं असं टांग टाकून गावातून जाणं बरं दिसत नाई. बॅटरी ठेव तुले. मी सांगून राह्यलो, मी मोठा."

"ऐक त्याईचं," आजी म्हणाली.

"म्या नेत जाईन न तुले मांगं बसवून," काका म्हणाले, "सवड भेटली तं."

वच्छलानं नानाजींच्या मुठीतून किल्ली काढून घेतली.

"नाई. आता मी पानं टाकत नाई. पाह्यल्याशिवाय तं कधीच टाकणार नाई."

पुंजाजीमामांचं चघळणंसुद्धा थांबलं.

वच्छलानं कोंबड्या हाकलल्या, सायकल बाहेर काढली आणि ताठ मानेनं शिरपूरच्या रस्त्याला लागली. सायकलीच्या बाजूनं, हँडल धरून, पायी. ओटा दिसेनासा होईपर्यंत तिनं मागं वळून पाहिलं नाही. (चालवता न येणारी सायकल हातात धरून नऊ किलोमीटर चालायचं, तर सोमवारी किती वाजता निघावं लागेल, हे एकच गणित तिनं डावाआधी केलं नव्हतं.)