स्कूटरचा मीटर आणि आमची वाटणी

कुठलंही काम गाजावाजा न करता कसं उरकावं, हे माझ्याकडून शिकावं! आमच्या घरात ही विद्या लागतेच. लालबागच्या चाळीत दोन खोल्या, त्यात आई, मनमोहनदादा, मधुरावहिनी, मी आणि पूर्वी, म्हणजे माझी बायको. साधी बादली आणायची म्हटलं तरी प्रत्येकाचा सल्ला वेगळा. सल्ले संपेपर्यंत आम्ही जुन्याच बादलीने भागवतो!

मी विजेवर चालणारी स्कूटर घेतली. चार्जिंगसाठी तिसऱ्या मजल्यावरून खाली वायर सोडायचो. एकदा ती वर ओढताना शेजारच्या कमलकाकूंची वाळत घातलेली पैठणी अडकली आणि थेट खालच्या गटारात! काकू जे बोलल्या ते मी इथे लिहिणार नाही. मग ऑफिसात कुणीतरी सांगितलं, गाडीसाठी वेगळा मीटर मिळतो. अर्ज मोबाईलवरून केला, चाळमालकाची परवानगी परस्पर मिळवली, जिन्याखालची जागाही बघून ठेवली. घरात चकार शब्द नाही. पूर्वीलासुद्धा नाही! मीटर लागला की सगळ्यांना खाली नेऊन दाखवायचा, असा बेत.

इथेच माझी अक्कल शेण खायला गेली होती. आमच्या चाळीत भाऊ वेगळे होतात तेव्हा कुणी तोंडाने तसं सांगत नाही. आधी मधे पडदा लागतो, मग दुसरा गॅस येतो आणि शेवटी येतो दुसरा मीटर. पडदा काढता येतो, गॅस परत करता येतो. पण मीटर लागला की संपलं! आमचे दौलतकाका असेच वेगळे झाले. त्यांचा मीटर लागला त्या दिवसापासून ते आणि बाबा एकमेकांशी बोलले नाहीत. बाबा गेले तेव्हा काका खांदा द्यायला आले, तेवढेच. आईने हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आणि मी मात्र साफ विसरलेलो!

मी ऑफिसात असताना वीज कंपनीचा माणूस जागा बघायला आला. वहिनींनी दार उघडलं.

"अभय इथेच राहतात ना? त्यांच्या नावाने दुसरा मीटर टाकायचाय."

आई आत ऐकत होती. कमलकाकू गॅलरीत ऐकत होत्या. एवढं पुरे होतं!

मी संध्याकाळी घरी आलो तर जेवायला तिसऱ्यांची, माझ्या आवडत्या शिंपल्यांची, आमटी! तीही मासळीचा वार नसताना! वहिनी वाढतायत आणि माझ्याकडे बघत नाहीत. दादा शेजारी बसलेला.

"मीटरवाला येऊन गेला," तो म्हणाला.

म्हणजे बातमी फुटली तर! पण कुणी ओरडत नव्हतं. मला हुरूप आला.

"आधी विचारलं असतं तर करू दिलं असतंत का?"

"नसतं," दादा म्हणाला.

"म्हणूनच नाही विचारलं! रोजची कटकट गेली बघ. तुम्ही सुटलात, मी सुटलो!"

वहिनी पदर तोंडाला लावून मोरीत गेल्या. मला वाटलं, आमटी तिखट झाली असेल.

"बाहेरची खोली तू घे," दादा हळूच म्हणाला. "तिथे उजेड आहे."

"उजेड काय करायचाय? मला जिन्याखालची जागा पुरे!"

दादाचा घास हातातच राहिला. "जिन्याखाली?"

"ओल नाही रे तिथे! मी हात लावून बघितलंय."

एवढ्यात आतून भांड्यांचा खणखणाट ऐकू आला. जाऊन बघतो तर आईने माळ्यावरची सगळी भांडी खाली उतरवलेली. जमिनीवर दोन ढीग आणि मधे आई.

"वायलो रवाचा आसात तर रव," ती म्हणाली. "भांडी वाटून घेवा. पण गणपती एकच रवतलो, सांगान ठेवतंय!"

वेगळा? मी कशाला वेगळा राहीन? तेवढ्यात पूर्वी कामावरून आली, ती चपला न काढताच आत!

"अभय! जिन्यात कमलकाकू म्हणाल्या, शेवटी नवऱ्याला फोडलंसच! मी कधी फोडलं रे तुला?"

"कुणीच फोडलं नाही!" मी ओरडलो. "तो स्कूटरचा मीटर आहे! स्कूटरचा!"

मग दादा म्हणाला, "म्हणजे जिन्याखाली तू नाही राहणार?"

मोरीतून वहिनींच्या हसण्याचा आवाज आला. मग पूर्वी हसली, मग दादा. आई हसली नाही. तिने माझ्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला आणि पदराने डोळे पुसले.

भांडी परत माळ्यावर चढवायला मीच बसलो. माझा ढीग कुठला हे कुणी सांगायला नको होतं, तो मोठा होता. मोदकपात्र त्यात, पुरणयंत्र त्यात. वहिनींचं नाव कोरलेला पितळी डबासुद्धा त्यातच.

"वहिनी, हा तर तुमच्या माहेरचा ना?"

"पूर्वीला आवडतो तो," त्या म्हणाल्या आणि ताटं उचलू लागल्या.

मला लाज वाटली. खरं सांगतो, त्याहून जास्त बरं वाटलं. मी घर मोडायला निघालोय असं समजूनही या माणसांनी आवाज चढवला नाही, उलट चांगलं ते माझ्या बाजूला सारलं. आणि मी? साधा मीटर घेताना त्यांना विचारायचं मला जड झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तो अर्ज रद्द केला आणि नवा केला, दादाच्या नावाने. घरातला जुना मीटर अजून बाबांच्या नावावर आहे. म्हटलं, आता कुणाला शंकाच नको! मीटर लागला. आईने त्याला हळदकुंकू वाहिलं, दादाने नारळ फोडला.

आठवडाभरात चाळभर झालं, मोठा वेगळा निघाला!

मी तडक कमलकाकूंकडे गेलो. "काकू, तो गाडीचा मीटर आहे! दादा कुठेही गेलेला नाही!"

काकूंचे डोळे भरून आले. "एवढं होऊनही मोठ्या भावाला पाठीशी घालतोस! असा भाऊ मिळायला पुण्य लागतं रे बाबा."

त्यांनी मला वाडगाभर खीर दिली. आता वहिनीशिवाय घरात कोण करून घालत असेल म्हणून.

खीर चांगली होती. आम्ही दोघा भावांनी मिळून संपवली.